गुरुवारची सावड

भाटघर
१८ जुलै २०२५

मंगलआक्का,

तुम्ही फोन उचलत नाही. चार दिवस झाले, रिंग जाते आणि मधेच तुटते, म्हणजे तुम्ही नाव बघून तोडता. वाडीत रेंज नसते हे मला ठाऊक आहे, पण रेंज नसली की रिंग जात नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून हे पत्र. दूधवाल्या माऊलीच्या टेम्पोतून पाठवते आहे. त्याला बजावलंय, आक्कांच्याच हातात दे, सोनबा भावजींकडे नको. ते खिशात घालतील आणि शर्ट धुवायला टाकतील.

लावणीला मी आले नाही, हा राग आहे. असणारच. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तरी आपल्या दोघी जावांची सावड कधी मोडली नव्हती. तुमच्या खाचरात माझा दिवस, माझ्या खाचरात तुमचा. नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही की कुणाचे किती झाले. यंदा माझीही दोन खाचरं तुम्ही एकटीनं लावलीत, असं माऊलीनं सांगितलं. त्यानं मुद्दाम मी जेवत असतानाच सांगितलं. ताट तसंच सरकवलं मी.

पण आक्का, शुभ्राच्या शाळेसाठी आम्ही भाटघरला बिऱ्हाड केलं, ही शाळा जूनमध्ये उघडली आणि पहिल्याच महिन्यात रजा मागायला मला तोंड नव्हतं. ही शाळा आपल्या शाळेसारखी नाही. पोर आत सोडलं आणि आपण मोकळे, असं इथं चालत नाही. प्रत्येक घरानं आठवड्यातला एक दिवस शाळेला द्यायचा, आईनं नाहीतर बापानं. दर वाराची चूल एकाच घराकडं, बाकीची घरं दुपारनंतर शिकवायला येतात. चूल असेल त्यानं सकाळी साडेआठला जायचं, पस्तीस पोरांचा स्वयंपाक करायचा, झाडलोट करायची आणि दुपारी आपल्याला जे येतं ते पोरांना शिकवायचं. शिपाई नाही, स्वयंपाकीण नाही. शाळेचं नाव 'ओसरी'. चिंचेखाली पत्र्याच्या तीन खोल्या आणि एक हौद. ज्यांनी शाळा काढली त्या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणतात.

आमचा वार गुरुवार, आणि त्या दिवशीची चूल आमच्याच घराकडं. फॉर्मवर तुमच्या दिरांनीही सही ठोकलीय, एक गुरुवार आई, एक गुरुवार बाबा. अजून तरी बाबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही. 'बायकांचं काम हाय त्ये. मी टेम्पो कुनाच्या भरवशावर सोडू?' असं धनाजीराव म्हणतात. मग मीच जाते. मला काय शिकवता येणार, या धास्तीनं पहिल्या बुधवारी झोप लागली नाही. शेवटी वाख घेऊन गेले आणि पोरांना मांडीवर दोरी वळायला शिकवली. भोरातल्या साहेबांची पोरं, त्यांच्या मांड्या लाल झाल्या, पण एकही उठलं नाही.

हे सगळं शुभ्रासाठी चाललंय, तुम्हाला सांगायला नको. घरात पोरीची टकळी चालू आणि उंबऱ्याबाहेर पडली की तोंडाला कुलूप. दोन वर्षांत गुरुजींनी तिचा आवाज ऐकला नव्हता. तुमच्यासमोरच म्हणाले ना, 'या पोरीचं काय खरं न्हाई, पुन्याला दाखवा.' इथं मोठ्या ताईंनी तिला पहिल्या दिवशी काहीच विचारलं नाही. नाव पण नाही. म्हणाल्या, बोलेल तेव्हा बोलेल, आपल्याला घाई नाही. हे मला कुणी आजवर म्हटलं नव्हतं.

अजून बोलत नाही. पण सकाळी स्वतः उठून दप्तर घेते.

वाडीच्या शाळेचं काय झालं ते मी विचारत नाही.

रत्ना

भाटघर
१२ ऑगस्ट २०२५

आक्का,

उत्तर आलं नाही. माऊलीला विचारलं, आक्का काय म्हणाल्या? म्हणाला, 'चुलीवर दूध हुतं, त्या म्हनल्या ठिव तितं.' म्हणजे ठेवलंत तरी. चुलीत घातलं नाहीत.

आज मंगळवार, आणि मी आज शाळेत जाऊन आले. आमचा वार नसताना. झालं असं, मालिनीताई म्हणून एक आहेत, भोरात राहतात, एका कंपनीच्या ऑफिसात हिशेब बघतात. त्यांचा अर्णव शुभ्राच्याच गटात आहे. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. 'रत्नाताई, उद्या माझा दिवस तुम्ही बघाल का? मला सुट्टीच मिळत नाहीये हो.' मी म्हटलं, त्यात काय एवढं, जाते की.

शाळेत गळ्यात एक पाटी घालायची असते, त्या दिवशी ज्या घराचा वार असेल त्याची. आज मी 'अर्णवची आई' ही पाटी घालून वांग्याची भाजी केली. वहीतही तीच सही. पोरं मला अर्णवची आई, अर्णवची आई म्हणून चिडवत होती, आणि अर्णव जरा रुसला.

खरं सांगू, मला बरं वाटलं. दोन महिने इथं सगळे गोड बोलत होते, पण कुणी काही मागत नव्हतं. आपल्याकडं नवी सून आली की तिला कोण आधी हाक मारतं यावरून तिचं घर ठरतं. तुम्हीच मला पहिल्या वर्षी बांधावरून ओरडला होता, 'ए रत्ने, उद्या माज्याकडं यायचं बरं का.' तेव्हा मी या घरची झाले. काल मालिनीताईंनी हाक मारली. सावड अशीच लागते. बदल्यात काय, हे मी बोलले नाही. आपण तरी कधी बोलतो?

आता बघा, चार-पाच जणींचे दिवस मी भरले तर कापणीला माझे दिवस त्या उचलतील. मी निवांत येईन आणि लावणीचं सगळं फेडीन. तोवर राग धरून ठेवा, पण शिळा होऊ देऊ नका.

रत्ना

भाटघर
२० सप्टेंबर २०२५

आक्का,

शुभ्रा बोलली.

परवाच्या मंगळवारी. मी मालिनीताईंच्या वाराला होते. पोरं रांगेत जेवायला बसलेली, मी आमटी वाढत पुढं गेले आणि मागून आवाज आला, 'आमची आई मीठ इसरली.' मोठ्यानं, स्वच्छ. पंगतीतल्या माना वळल्या. मोठ्या ताईंच्या हातातला घास तसाच. मी पळी घेऊन उभी, आणि आधी मनात काय आलं असेल तर, खरंच विसरले की काय. विसरलेच होते. मग सगळी पोरं एकदम हसली आणि ही पण हसली. मी आत जाऊन मिठाचा डबा शोधायच्या निमित्तानं रडून घेतलं.

तेव्हापासून बोलते. मी असले की बोलते. मी नसले की पुन्हा गप्प, पण मान तरी हलवते. मोठ्या ताई म्हणाल्या, हळूहळू तुमच्याशिवायही बोलायला लागेल, दिवाळीनंतर बघा.

म्हणून मी आता कुणाला नाही म्हणत नाही. मालिनीताईंचे मंगळवार तर जवळपास माझेच झालेत. सोमवारच्या आणखी दोघी आहेत, त्याही विचारतात. घरमालकीण ठकुबाई मला म्हणाल्या, 'आगं, तू शाळंत शिकतीस का पोरगी शिकती?' म्हणू देत. धनाजीराव कुरकुरतात, घरात भाकरी गार मिळते म्हणून. मी म्हटलं, गरम पाहिजे तर फॉर्मवर सही केलीय तुम्ही, चला गुरुवारी, तिथं गरम असते.

एका गोष्टीचं मात्र अवघडल्यासारखं होतं. या बायका थँक्यू फार म्हणतात. दरवेळी. फोनवर, दारात, वर पुन्हा मोबाईलवर हात जोडल्याचं चित्र. आपण कधी एकमेकींचे आभार मानलेत का? तुम्ही मला थँक्यू म्हणालात तर मला वाटेल आक्कांचं डोकं फिरलं.

तुमच्या बंडूला सांगा, शुभ्रानं त्याला दोरी वळून ठेवलीय, भोवऱ्याची.

रत्ना

भाटघर
२५ ऑक्टोबर २०२५

आक्का,

पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि भात आडवं झालंय, असं माऊली म्हणतो. मी सोमवारी येते आहे. तुम्ही बोला, न बोला, विळा माझा मी आणीन.

मालिनीताईंना सांगितलं, माझे दोन गुरुवार तुम्ही बघा. 'हो हो, बघू ना, तुम्ही निर्धास्त जा,' म्हणाल्या. सोमवारच्या दोघींनाही सांगून ठेवलंय. मोठ्या ताईंना वेगळं काही सांगितलं नाही. सावड बायकाबायकांची असते, त्यात मधल्या माणसाचं काय काम? तुमच्या दिरांनाही म्हटलं, तुम्ही टेम्पोवर जावा बिनघोर, मालिनीताई हायेत.

शुभ्राला इथंच ठेवते. बोलायला लागलीय, शाळा मोडायला नको. संध्याकाळी ठकुबाई बघतील.

रत्ना

भाटघर
१८ नोव्हेंबर २०२५

आक्का,

वीस दिवस आपण शेजारी बसून भात कापलं आणि तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात. पहिल्या दिवशी. 'पोरगी कुनाकडं ठिवलीस?' मी सांगितलं. तुम्ही पुन्हा खाली वाकलात. तरी मला ते वीस दिवस बरे गेले. तुमची मूठ आणि माझी मूठ एकाच चालीनं पडत होती, ते काही रुसलं नव्हतं.

दोन गुरुवार म्हणून आले होते, तिसराही घालवला. वरचं खाचर चिखलात लोळलेलं, ते टाकून कसं निघायचं? तुम्ही थांब म्हणाला नाहीत. जा पण म्हणाला नाहीत. मीच थांबले.

इथं आले तर दाराशी ठकुबाई उभ्या. 'शाळंतली मानसं दोनदा यिऊन गेली,' म्हणाल्या.

त्या तीन गुरुवारी कुणीच गेलं नव्हतं, आक्का. पहिल्या गुरुवारी पस्तीस पोरं अडीच वाजेपर्यंत उपाशी बसली. मग मोठ्या ताईंनी भोरातून केळी आणवली. मला फोन लावले, ते वाडीत लागले नाहीत. धनाजीरावांना लागला एकदा. ते म्हणाले, 'मालिनीताई हायेत न्हवं?' आणि ठेवला. दुसऱ्या-तिसऱ्या गुरुवारी ताईंनी एकटीनं चूल पेटवली. आणि ती पोरं उपाशी बसली त्यांत शुभ्रा होती. पोरं म्हणत होती, आज शुभ्राच्या आईचा दिवस, शुभ्राची आई आली नाही. तिथं ती गप्प झाली ती झालीच.

शाळेचा नियम आहे, लागोपाठ तीन वार चुकले की ती जागा पुढच्या घराला. बाहेर बरीच घरं थांबलीत. रविवारी सगळ्या पालकांची बैठक आहे. मी मालिनीताईंना फोन केला. म्हणाल्या, 'बैठकीत बोलूच आपण.'

बोलतील त्या. माझे किती दिवस पडलेत त्यांच्याकडं, त्यांना ठाऊक आहे.

रत्ना

भाटघर
२४ नोव्हेंबर २०२५

आक्का,

काल बैठक झाली. सगळे जमिनीवर गोल करून बसतात, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. कुणीही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी सुचलं असतं.

मी सांगितलं. म्हटलं, मी जूनपासून माझा एकही गुरुवार चुकवला नव्हता. वर मालिनीताईंचे मंगळवार, या दोघींचे सोमवार. माझे दिवस यांच्याकडं होते, ते यांनी फेडायचे होते. मोठ्या ताईंनी वही उघडली. त्यात मंगळवारी 'अर्णवची आई' हजर. सगळे मंगळवार. सही माझ्या अक्षरातली, पण नाव त्यांचं. त्यांची हजेरी पुरी, माझी तीन कमी.

मालिनीताई रडल्या. खोटं नव्हतं ते रडणं. 'रत्नाताई, मला खरंच वाटलं तुम्हाला यायला आवडतं. तुम्ही कधी म्हणालाच नाहीत की बदल्यात दिवस हवाय. मी बघू म्हटलं, मला रजा नाही मिळाली. आणि मी दरवेळी थँक्यू म्हटलंय ना हो?' म्हटलं होतं. एकदाही चुकल्या नव्हत्या. तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. त्यांच्याकडं आभार मानले की ते तिथंच फिटतं. त्या दरवेळी फेडून मोकळ्या होत होत्या, आणि मी वेडी दरवेळी जमा करत होते.

मी विचारलं, तुमच्याकडं सावड नसते का? कुणीतरी म्हणालं, ती काय असते? मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा बरं एखाद्याला, सावड म्हणजे काय ते. आपण कधी सांगितलंय कुणाला?

मोठ्या ताई फार हळू आवाजात बोलल्या. म्हणाल्या, नियम आपण सगळ्यांनी मिळून केलाय, एका घरासाठी वाकवला तर उद्या चूल कोण पेटवणार? त्यांचंही बरोबरच आहे. पोरं उपाशी राहिली ती राहिलीच. मग त्यांनी एकेकाला विचारलं, मान्य आहे का? इथं सगळं सगळ्यांच्या संमतीनं होतं. एकही माणूस नाही म्हणाला तर निर्णय होत नाही. असं फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. 'रत्नाताई, तुम्हाला मान्य आहे?'

आक्का, एक शब्द हवा होता. नाही, एवढंच. तीस माणसं माझ्याकडं बघत होती. माझी जीभ टाळूला चिकटली. मी म्हणाले, 'हो.'

घरी आल्यावर कळलं, शुभ्रा कुठून तशी झाली.

रत्ना

भाटघर
१६ डिसेंबर २०२५

आक्का,

हे शेवटचं पत्र. उत्तर येत नाही म्हणून नाही. मला लिहायला लाज वाटेल असं आता काही उरलेलं नाही, म्हणून.

शुभ्राला भोरातल्या दुसऱ्या शाळेत घातलं. वर्गात साठ पोरं. ही शेवटच्या बाकावर. पंधरा दिवस गेली, मग पोट दुखतं म्हणून बसली. पोट दुखतं हे पण हातानं दाखवलं. कारण आता घरातही बोलत नाही. तुम्ही म्हणाल, घरात तर टकळी असायची. हो, असायची. धनाजीराव रोज काही ना काही खाऊ आणतात, समोर धरतात, विचारतात, 'कुनासाठी आणलंय सांग बरं?' ती हात पुढं करते आणि घेते. ते टेम्पोत जाऊन बसतात.

त्यांचं म्हणणं, वाडीला परत जाऊ. मी म्हटलं, कोणत्या तोंडानं? वाडीच्या शाळेत सहा पोरं होती. मी शुभ्राचं नाव काढलं आणि पाच राहिली, आणि पट कमी म्हणून शाळेला कुलूप लागलं. मी हे पाच महिने लिहिलं नाही. तुमचा राग लावणीचा, असंच लिहीत राहिले, कारण लावणी फेडता आली असती. तुमचा बंडू जीपच्या मागं लटकून खालच्या गावाला जातो आणि जीप आली नाही की घरी बसतो, हे मी कापणीत माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत.

आता जे सांगायचं ते सांगते. काल संध्याकाळी मालिनीताईंचा फोन आला. नाव बघून वाटलं, शाळेचा काही निरोप असेल. त्या म्हणाल्या, 'रत्नाताई, राग नाही ना? उद्या माझा मंगळवार आहे आणि ऑफिसात वरचे साहेब येणार आहेत. नियमाप्रमाणे आईबाबांनीच यायचं असतं, पण तुम्हाला सगळं माहितीये. मी ताईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. याल का?'

मी गेले, आक्का. शुभ्राला ठकुबाईंकडे बसवलं, तिला सांगितलं बाजारात चाललेय, आणि गेले. भात केला, मटकीची उसळ केली, पस्तीस पानं वाढली. शुभ्राच्या जागी एक नवी पोरगी बसते, लहानशी, सारखी बडबडते. तिनं मला विचारलं, 'तू कुणाची आई?' मोठ्या ताई आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत हो. मी वाट बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील. भांडी घासून झाली, खोल्या झाडून झाल्या, तरी मी हौदापाशी उगाच रेंगाळले. चार वाजता त्यांनी फाटक लावून घेतलं.

घरी आले तर शुभ्रा दारात बसलेली. माझ्या हातात पिशवी नव्हती. तिनं हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

तुम्ही जुलैमध्ये एकट्या चिखलात होता तेव्हा मी आले नाही. तुमचे नऊ वर्षांचे दिवस माझ्या अंगावर होते तरी आले नाही. आणि ज्यांच्याकडं माझा एकही दिवस उरला नाही, त्यांनी हाक मारल्यावर मी धावत गेले. वाटलं, आणखी एक दिवस भरला तर कुणाच्या तरी मनात येईल, हिची पोरगी परत घ्या म्हणून. कुणाच्या आलं नाही.

मालिनीताईंनी आत्ताच विचारलंय, पुढच्या मंगळवारी जमेल का. मी हो म्हटलंय.

रत्ना